गोठा पाडला तेव्हा

डोंगराच्या पोटाशी वसलेलं एक गाव होतं. उन्हाळा आला की तिथं वणव्याची धास्ती असे. एका वर्षी अर्धं गाव जळालं, तेव्हा एका शेतकऱ्यानं घरोघरी फिरून माणसं गोळा केली आणि मंडळ उभं केलं. गवत कापून गावाभोवती मोकळा पट्टा राखायचा, धूर दिसला की ओल्या डहाळ्या घेऊन धावायचं, असं ठरलं. लोक त्याला कारभारी म्हणू लागले.

कारभारी मंडळासाठी जीव टाकी. पण लहानसहान गोष्टही त्यालाच ठरवायची असे. एकदा गावच्या सुईणीनं आपल्या मनानं एका वळणावर पट्टा रुंद करायला माणसं लावली, तर त्यानं चारचौघांत तिचा पाणउतारा केला. तेव्हापासून कुणी काही सुचवेनासं झालं.

एका दुपारी तो परगावाहून परतत होता. खिंडीत आला आणि समोर धूर दिसला. डोंगर पेटला होता. धापा टाकत तो खाली पोचला, तर सारं गाव डहाळ्या धरून पारापाशी उभं. आगीनं पट्टा कधीच ओलांडला होता.

"उभे का राहिलात?" त्यानं विचारलं.

सुईण म्हणाली, "तुम्हाला विचारल्याशिवाय हलायचं नाही, हे तुमचंच सांगणं, कारभारी."

चिडायलाही सवड नव्हती. वारा फिरला आणि आग दोन अंगांनी आली, एक वरच्या आळीवर, दुसरी खालच्या. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचं घर, गुरं खालच्या आळीत. पण वरची आग जास्त जवळ होती.

"सुईणबाई, खालचं तुम्ही बघा," तो म्हणाला. "मला विचारायला येऊ नका."

निम्मी माणसं घेऊन तो वर गेला. डहाळी आपटताना नजर सारखी खाली वळे. एकदा तिकडून मोठा धुरळा उठला, आरडाओरडा ऐकू आला. पाय धाव घेऊ बघत होते. तो ओठ चावून जागीच राहिला.

आग विझल्यावर तो खाली आला. आळी शाबूत होती. फक्त त्याचा गोठा भुईसपाट झाला होता आणि शेजारची कडब्याची गंजी उपसून दूर फेकलेली होती. कुणी मान वर करीना.

सुईण म्हणाली, "गुरं आधी सोडली. गोठा पेटला असता, तर घरं वाचली नसती."

स्वतःच्या हातांनी बांधलेल्या त्या गोठ्याचा एक मोडका वासा त्यानं उचलून बाजूला ठेवला.

"मी इथं असतो, तर पाडू दिला नसता," तो हळूच म्हणाला. "आणि आळी गेली असती."

पुढे प्रत्येक आळीनं आपापला म्होरक्या निवडला. दुसऱ्या उन्हाळ्यात कारभारी तापानं अंथरुणाला खिळला होता. डोंगरावर धूर दिसला. दारावरून धावत जाणारी पावलं त्यानं ऐकली. विचारायला कुणीच थांबलं नाही. त्यानं निवांत डोळे मिटले.

तात्पर्य एवढंच: संस्था एकाच्या ध्यासानं उभी राहते, पण टिकायची तर कामाबरोबर निर्णयही वाटून द्यावे लागतात.