आभाळाशी जुळणारी वस्त्रं

संध्याकाळी ढग जिथे अंगणात उतरून बसतात, अशा एका डोंगरावर एक छोटंसं राज्य होतं. तिथे कनकावती नावाची राणी राहायची. त्या राज्यात एक जुना रिवाज होता. राणीनं राजवाड्याबाहेर पाऊल टाकायचं, ते आभाळाशी जुळणारी वस्त्रं नेसूनच. नाहीतर आभाळ रुसतं, अशी सगळ्यांची समजूत होती. आभाळाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

राणीचे कपडे ठेवायला राजवाड्यात मोठा जामदारखाना होता. त्यात शिरलं की स्वप्नात शिरल्यासारखं वाटायचं. पहाटेच्या आभाळासाठी फिकट गुलाबी रेशीम, धुक्यासाठी करडं, ऊन आणि पाऊस एकदम आले तर धूपछाव. चांदणं नुसतं उगवायच्या बेतात असेल, तर त्यासाठीही वेगळी साडी होती. प्रत्येक साडीची चोळी तिची तिची, शेला तिचा तिचा, वहाणासुद्धा तिच्या तिच्याच. एकीची चोळी दुसरीवर चालायची नाही. त्यामुळे आभाळ पालटलं की राणीला सगळं उतरवून पहिल्यापासून सजावं लागे. आणि डोंगरावरचं आभाळ ते, घडीत असं, घडीत तसं.

राणीला या सगळ्याची हौस होती, हे सांगायलाच हवं. आरशापुढे बसून ती खिडकीतले ढग बघत राहायची. त्यांच्या रंगात आपण हळूहळू विरघळतो आहोत, असं तिला वाटायचं. दिवस कधी मावळला, ते कळायचंही नाही.

एकदा दरीपलीकडच्या गावाहून तिच्या आईचा, अंबिकाबाईंचा, निरोप आला. “माझी नजर मंदावत चाललीय. अजून माणसं ओळखू येतात. तोवर एकदा तुझं तोंड बघू दे.”

राणीचं काळीज हललं. आभाळ स्वच्छ होतं, म्हणून तिनं घाईघाईनं निळी साडी नेसली. चोळीची गाठ बांधून होते न होते, तोच गोदू दासी खिडकीतून म्हणाली, “बाईसाहेब, आभाळ फिरलं.” मग निळी उतरली आणि करडी आली. करडी नेसून झाली, तेव्हा ऊन पडलं होतं. उद्या नक्की जाऊ, असं राणी म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. असं करता करता श्रावण संपला आणि भाद्रपदही सरत आला.

आईचा पुन्हा निरोप आला. “दारातला शेवगा दिसतो, पण त्याच्या शेंगा आता दिसत नाहीत. ये बाई.”

मग एक दिवस डोंगरावर दाट धुकं बसलं. हलायचं नावच घेईना. राणी करडी साडी नेसून पालखीत बसली. भोई घाट उतरू लागले. राणीच्या मनात आईचं घर तरळत होतं, ओसरी, चूल, चुलीचा धूर. अर्ध्या घाटात आल्यावर तो धूर खरोखरच दिसला. कारण धुकं विरलं होतं आणि ऊन पडलं होतं.

भोई थांबले. गोदू म्हणाली, “आभाळ फिरलं, बाईसाहेब. मागं फिरू या.”

राणीच्या तोंडून सवयीनं “हं” निघून गेलं. पालखी वळली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला नाही. कुणीच आलं नाही. राणीला त्या शांततेची भीती वाटली. बाहेर निळंभोर आभाळ होतं आणि हाताशी कालची करडी साडी होती. तिनं तीच गुंडाळली आणि ती निघाली.

“बाईसाहेब, आभाळ...” गोदू म्हणाली.

“असू दे,” राणी म्हणाली.

आई दारातच बसली होती. पावलं वाजली तशी तिनं मान वर केली. “कोण आहे?”

“आई, मी.”

आईनं हात पुढे केला आणि लेकीचा चेहरा चाचपला. “काल उन्हं कलेपर्यंत अंधुक दिसत होतं गं. शेजारीण म्हणाली, घाटात पालखी दिसतेय. म्हणून दार सोडलं नाही. मग म्हणाली, मागं फिरली. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची असेल.”

राणीनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि ती खूप रडली. आई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. साडीची जर तिच्या हाताला टोचत होती. “हे बदल बाई,” ती म्हणाली. “माझं लुगडं घे.”

राणी आईचं मऊ, बिनरंगाचं सुती लुगडं नेसली. त्याच लुगड्यात तिनं पाणी भरलं, पीठ मळलं आणि शेजारणीच्या ओसरीवर जाऊन बसली. डोक्यावरून ढग आले, गेले. आभाळ रुसलं नाही. खाली कुणी काय नेसलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

निघताना तिनं विचारलं, “आई, मी काय नेसत जाऊ?”

“जे नेसून घरात वावरता येईल आणि कुणी हाक मारली तर तसंच उठून जाता येईल, ते.”

राजवाड्यात परतल्यावर राणीनं जामदारखाना उघडला आणि सगळं रेशीम राज्यातल्या नव्या नवरींना वाटून टाकलं. रिकाम्या दालनात एक लाकडी पेटी ठेवली. त्यात आधी आईसारखं बिनरंगाचं लुगडं आलं, मग एक गडद निळं. चोळ्या अशा शिवल्या की कुठलीही कशावरही घालावी. थंडीसाठी एक जाड शाल आणि घाट चढेल अशी वहाणांची जोडी. सणासाठी एक नवी रेशमी साडी ठेवली, तीही त्याच चोळ्यांवर शोभेल अशी. एक केशरी शेला तिला फार आवडला होता. पण तो कशाशीच जमवून घेईना, तेव्हा तिनं तो विणकराला परत केला. गोदू दासीला मात्र पेटी बघून बरेच दिवस चुकचुकल्यासारखं वाटायचं.

आता आईची आठवण आली की राणी असेल तशी निघते. आई तिच्या पदरावरून हात फिरवते आणि विचारते, “आज कशी दिसतेस गं?” राणी तिला सांगते. 

तात्पर्य: कपडे थोडे असावेत, एकमेकांशी जुळणारे असावेत आणि हाक आली की आपल्याला तसेच निघू देणारे असावेत. सजण्यात घालवलेला वेळ आपली वाट बघणाऱ्याचा असतो, आणि तो त्याला परत देता येत नाही.