रत्नदरीची दवंडी

एका राज्यात लोक राजाला वर्षातून एकदा पाहत आणि भैरोजी दवंडीवाल्याला रोज ऐकत. पहाटे चव्हाट्यावर त्याची हलगी कडाडली की जात्यावरचे हात थांबत.

"ऐका हो ऐका! रत्नदरीची सहल! सोन्याच्या पानांचा वड, गाणारा धबधबा आणि मनातलं माणूस दाखवणारं तळं! सूर्योदयाला निघा, दिवेलागणीला घरी!"

जाणं-येणं कासवाच्या पाठीवरून होई. कासव चाळीस माणसं बसतील एवढं होतं. दरी एका मांत्रिकाची होती, दवंडीचा हुकूम राजाचा होता. भैरोजीनं दरी कधी पाहिली नव्हती.

त्याची बायको सोनाई एकदा म्हणाली, "अहो, इतकं सांगता, तर चला की दोघं."

"मग दवंडी कोण देईल? तू जाऊन ये."

ती गेली. दिवेलागणीला कासव परतलं, ती परतली नाही. उतरणारे म्हणाले, "रमल्या असतील हो वहिनी! जागाच तशी आहे."

तीन वर्षं लोटली. एका माणसाच्या स्वयंपाकाचा अंदाज भैरोजीला अजून येत नव्हता. रोज एक भाकरी उरे. आणि रोज पहाटे तो तीच दवंडी देई. दरी खोटी म्हणावी, तर सोनाईला तिथं त्यानंच धाडलं होतं. म्हणून तो अधिकच मोठ्यानं ओरडे.

चौथ्या वर्षी एका पहाटे "मनातलं माणूस" म्हणताना त्याचा आवाज अडला तो अडलाच. त्यानं हलगी खांद्याला लावली आणि कासवावर चढला.

दरीत सोन्याचं पान एकच होतं. ते पाहायला रांग होती, आणि जवळ गेल्यावर त्याला हळदीचा वास येत होता. धबधब्याची धार करंगळीएवढी. रखवालदार म्हणाला, "कालच गायला. आज घसा बसलाय." तळं म्हणजे गुडघाभर चिखल.

एक गृहस्थ वाकून म्हणाले, "दिसलं बरं का, मनातलं माणूस!"

"कुठं?" त्यांची बायको म्हणाली. "तिथं म्हैस बसलीय."

"हळू बोल. लोक काय म्हणतील?"

काठावर माणसांच्या उंचीचे दगड उभे होते. त्यांना टेकून लोक दशम्या खात होते.

काठावरच, परतीच्या वाटेच्या तोंडाशी, धनेश पक्षी बसला होता. तो प्रत्येकाला विचारी, "कसं वाटलं?" प्रत्येक जण म्हणे, "अद्भुत!" आणि कासवावर चढे. भैरोजीची पाळी आली. पक्ष्यानं चोच उघडायच्या आधी त्यानंच विचारलं, "इथं सोनाई नावाची बाई आली होती. ती कुठं आहे?"

"मला उलट प्रश्न आजवर कोणी केला नाही," धनेश म्हणाला. "केला, की मला उत्तर द्यावं लागतं. माझ्या प्रश्नाला ज्यानं खरं उत्तर दिलं तो दगड झाला. तुझी बाई तो तिसरा दगड."

"ती काय बोलली?"

"म्हणाली, 'माझे मालक रोज याची दवंडी देतात. त्यांना एकदा इथं आणा.' एवढंच."

तिसऱ्या दगडावर कोणीतरी ओला पंचा वाळत घातला होता. भैरोजीनं तो उचलून बाजूला ठेवला.

"शाप कसा सुटेल?"

"ज्या तोंडानं कीर्ती वाढवली, त्याच तोंडानं ती तीनदा मोडावी. या काठावर, चव्हाट्यावर आणि दरबारात. दर खेपेला तू थोडा थोडा दगड होशील. तिसऱ्या खेपेला एका तरी माणसानं 'खरं आहे' म्हणावं. कोणी न म्हटलं, तर तू पुरता दगड, आणि हे सारे कायमचे."

भैरोजीनं तिथंच हलगी कडाडवली. "ऐका हो ऐका! पान हळदीचं, धबधबा मुका, तळ्यात म्हैस! मी न पाहता सांगितलं!"

"आमचा दिवस कशाला नासवता, बाबा?" कासवावरचे लोक ओरडले आणि त्याला सोडून गेले. त्याचा डावा हात दगड झाला. त्याच हाताला हलगी अडकवून तो सात दिवस एकटा चालला. वाटेत कोणी भेटलं नाही.

चव्हाट्यावर त्यानं दुसरी दवंडी दिली. दारं पटापट लागली. एका खिडकीतून आवाज आला, "आम्ही काय मूर्ख, म्हणून छान म्हणालो?"

"मूर्ख नाही हो. फसलो म्हणायची लाज वाटली. मला तर तीन वर्षं वाटली."

खिडकी मिटली. त्याचा डावा पाय दगड झाला. तो फरफटत दरबारात गेला. वाटेत कोणी खांदा दिला नाही.

तिथं त्यानं तिसरी दवंडी दिली. दगड कमरेवर चढला, छातीवर चढला. प्रधान आपल्या जोड्यांकडे पाहत राहिले.

"महाराज," भैरोजी म्हणाला, "आपण गेला होता?"

"गेलो होतो."

"मग?"

दगड हनुवटीला लागला. राजा सिंहासनावरून उठला.

"म्हैस आम्हीही पाहिली," तो म्हणाला. "खरं आहे."

मग प्रधान म्हणाले, खरं आहे. खिडक्या उघडून नगर म्हणालं, खरं आहे. खोट्या वाहवेवर पोसलेला मांत्रिक त्याच घटकेला भुशासारखा उडून गेला. भैरोजीचं अंग मोकळं झालं. दवंडीवाल्यानं स्वतः न पाहिलेलं सांगू नये, असा राजानं हुकूम काढला. तो आजही मोडलेला नाही.

सातव्या दिवशी दगडांची माणसं वेशीतून आत आली आणि आपापल्या घरी गेली. सोनाई दारात येऊन उभी राहिली. केसांत शेवाळ होतं. 

"तीन वर्षं!" ती म्हणाली.

"चुकलो."

"आधी पाणी द्या. भांडण मागाहून."

पाणी पिऊन ती भांडली. मनापासून, ऊन उतरेपर्यंत. भैरोजी उंबऱ्यावर बसून ऐकत राहिला. त्या घरात तीन वर्षं दुसऱ्या माणसाचा आवाज झाला नव्हता.