मनोरा सरळ खाली आला

एकदा एका व्यापारी नगरातली सर्वांत उंच इमारत भर दुपारी कोसळली. मल्लशेट नावाच्या तेलाच्या व्यापाऱ्याने ती बांधली होती. तळाशी त्याची वखार, त्यावर भाडेकरूंचे संसार आणि अगदी शेवटच्या मजल्यावर त्याचे स्वतःचे घर. तो स्वतः त्या वेळी बाहेर गेला होता म्हणून वाचला. त्या दिवशी वारा नव्हता, पाऊस नव्हता, धरणीही हलली नव्हती. इमारत झुकली नाही की कलली नाही. उभ्या जागी खाली बसली. धूळ विरली तेव्हा जिथे माणसे राहत होती तिथे नुसते आकाश होते.

नगरात त्र्यंबकाचार्य नावाचे वृद्ध स्थपती राहत. त्यांचा शिष्य निरंजन पहिल्यापासून ढिगारा उपसत होता. त्याचा बालमित्र वामन त्या इमारतीत राहायचा. वामन सापडला नाही; त्याच्या बायकोचा हात तेवढा दिसला. बोटांना मळलेली कणीक तशीच चिकटलेली होती.

चौकाचौकात वाद पेटले. कोणी म्हणे दैवाचा कोप, कोणी म्हणे चुन्यात भेसळ. निरंजन मात्र एकच गोष्ट सांगत सुटला. पडणारी वस्तू कलते. झाड कलते, भिंत कलते. सरळ खाली येते ती कोणीतरी पाडलेली असते. हे बोलणे लोकांना पटले, कारण मग राग धरायला कोणीतरी सापडत होते. परगावाहून आलेला रायाजी शोभेची दारू करी. काही काळापूर्वी त्याची मल्लशेटशी बाचाबाची झाली होती. एवढे पुरे झाले. लोकांनी त्याला घरातून ओढून आणले आणि बंदिशाळेत टाकले. त्याला देहदंड द्यावा, असे नगरसभेच्या बहुतेकांच्या मनात होते. रीत म्हणून सभेने आचार्यांचे मत विचारले.

आचार्य ढिगाऱ्यावर बराच वेळ हिंडले. परत आले ते मत न देताच. त्यांनी सभेकडे एक मागणी केली. वेशीवरचा जुना टेहळणीचा मनोरा तडकला होता आणि तो उतरवायचा हे आधीच ठरलेले होते. ते काम आपल्याला द्यावे आणि ते होईपर्यंत शिक्षा थांबवावी. सभेने मान्य केले. निरंजन मनातून संतापला. माणसे ढिगाऱ्याखाली गेली आणि गुरूंना पडीक मनोऱ्याचे सुचते आहे, असे त्याला वाटले. पण गुरूंचा शब्द मोडवेना.

काम विचित्र होते. मनोऱ्याच्या तळाचा एक दगड काढायचा आणि त्याच्या जागी लाकडाचा टेकू द्यायचा. मग दुसरा दगड, दुसरा टेकू, असे सभोवार. निरंजन स्वतः ते टेकू ठोकत होता. मनोरा जरासुद्धा हलला नाही. शेवटी आचार्यांनी टेकूंभोवती सुक्या काटक्या रचायला लावल्या, सगळ्या नगराला शेतापलीकडे उभे केले आणि आग दिली. स्फोटाची दारू त्यांनी चिमूटभरही वापरली नाही.

धूर निघत राहिला. पाहणारे कंटाळून आपसात बोलू लागले. मनोरा आता शेताकडे कलेल, असे निरंजन शेजाऱ्याला सांगत होता. तेवढ्यात आतून लाकूड मोडल्याचा आवाज आला आणि सगळा मनोरा एकदम सरळ खाली आला.

एक बाई मटकन खाली बसली. मल्लशेटने दोन्ही कान झाकून घेतले. ज्या एका वाक्यावर निरंजनने एका माणसाला मरणाच्या दारी नेले होते, ते त्याच्या डोळ्यांदेखत खोटे ठरले होते.

आचार्य त्याच्याजवळ आले. त्यांनी शांतपणे विचारले, "कोणी ढकलला?"

"कोणीच नाही," निरंजन म्हणाला.

"झाड एकसंध असते, म्हणून ते कलून पडते. इमारत हजार तुकड्यांची. कलू लागली की तिचे सांधेच आधी सुटतात, आणि मग सुटलेल्या भाराला खालीच वाट असते. पाडायला बळ लागत नाही, बाळ. भार जन्मभर खालीच यायला पाहत असतो. तळचे खांब त्याला अहोरात्र अडवून धरतात. मी फक्त अडवणारे काढून घेतले. तू ढकलणारा हात शोधत राहिलास. अडवणाऱ्यांचे काय झाले, हे विचारलेच नाहीस."

मग त्यांनी ढिगाऱ्यातून आणवलेला एक खांब पुढे ठेवला. निरंजनने तो ओळखला. दारूच्या खुणा शोधताना त्यानेच तो बाजूला भिरकावला होता. आचार्यांनी सुरीने वरचा गिलावा खरवडला. आत लाकूड नव्हते, कोळसा होता.

मल्लशेट गर्दीतून पुढे आला. उन्हाळ्यात वखारीतले तेल पेटले होते, हे सगळ्या नगराला ठाऊक होते. आग विझली, नुकसान फारसे नाही, असे म्हणून लोक विसरूनही गेले होते. त्याने मान खाली घालून सांगितले, की काळे खांब पाहून भाडेकरू भितील म्हणून त्याने त्यांवर गिलावा करून घेतला होता.

"वर माझी नात झोपायची," तो म्हणाला. "मला धोका दिसला असता तर मी तिला तिथे झोपवले असते का?"



रायाजीची बेडी निरंजनने आपल्या हातांनी काढली. रायाजी मनगट चोळत क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला आणि आपल्या गावच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरंजन सुरी घेऊन निघाला आणि नगरातल्या पहिल्याच उंच घराचे दार त्याने ठोठावले. तळमजल्याचे खांब पाहायचे आहेत, असे त्याने सांगितले. घरमालक हसला. म्हणाला, "इथे पाहण्यासारखे काही नाही. गेल्याच महिन्यात सगळा नवा गिलावा केलाय."

"म्हणूनच आलो आहे," निरंजन म्हणाला.