अर्ध्या पाढ्याचा कडा

मला हे नीट आठवतं आहे की नाही, याची खात्री नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रबंध तपासले. स्वतःच्या स्मरणशक्तीला गुण देताना मात्र हात आखडतो. कुसरवाडीच्या सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळपठारावर, दरीच्या अगदी तोंडाशी, गावच्या तान्या गुरवांनी आम्हा पाहुण्यांना हात आडवा करून थांबवलं होतं, एवढं पक्कं. समोर दाट धुकं होतं. "पलीकडे कडा आहे," ते म्हणाले. "अर्ध्या पाढ्याचा कडा. आता दिसायचा नाही." मग त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी शाळा सड्यापलीकडच्या देवळात भरे. केसोपंत नावाचे पंतोजी होते. लहानमोठी सगळी मुलं एकाच ओवरीत बसत आणि तीन-चार वर्षं तिथेच शिकत. बेचा पाढा धाकट्यांना निम्माच येई, बे पंचे दहापर्यंत. उरलेला मोठी मुलं म्हणत. तो ऐकून ऐकून धाकट्यांच्या तोंडी बसे. धुक्यातून घरी परततानाही हीच रीत. मोठे पुढे, धाकटे मागे. धाकट्यांनी आपला निम्मा म्हणायचा, पुढून मोठ्यांचा निम्मा यायचा, आणि त्या आवाजामागे धाकट्यांनी चालायचं.

एकदा दत्ताजी खोत पंतांना म्हणाले, "पंत, आमचा खंडू तुमच्याकडे शिकायला येतो की पोरं वळायला?"

पंतांना ते लागलं. त्यांनी धाकट्यांना वेगळं बसवलं आणि लवकर सोडायला सुरुवात केली. त्या धाकट्यांत त्यांचा स्वतःचा नामाही होता.

"धुक्यात त्यांना पुढचं कोण म्हणणार?" खंडूनं विचारलं.

"वाट पायाखालची आहे त्यांच्या. तू आपलं गणित बघ."

भाद्रपदात एका दुपारी धुकं उतरलं. धाकटी मुलं सवयीनं पाढा म्हणत निघाली आणि दहापाशी थांबली. पुढून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. तेव्हा कड्यावरून त्यांचाच आवाज परत आला: बे एके बे. मुलांना वाटलं, मोठे पुढेच आहेत आणि आपल्याला चिडवताहेत. ती हसत त्या आवाजाकडे धावली. दरीत गुरं चारणाऱ्या एका बाईनं ते हसणं ऐकलं, म्हणे.

एकही मूल घरी आलं नाही.

त्यानंतर धुकं उतरलं की दरीतून अर्धा पाढा ऐकू येई. पंत काठावर बसून घसा बसेपर्यंत पुढचा निम्मा म्हणत. पण त्यांनी तोंड उघडलं की आवाज लांब जात. "ती मला ओळखत नाहीत," ते बायकोला म्हणाले. "मी त्यांना कधी साथ दिलीच नव्हती."

शेवटी दत्ताजींनीच खंडूला हाताला धरून आणलं. "म्हण बाबा," एवढंच ते बोलले. खंडू म्हणाला, "बे सक बारा." आवाज जवळ आले, असं सांगतात. अगदी अंगाला घासून वाडीकडे गेले. खंडू विसापर्यंत पोचला तेव्हा पंतांच्या दाराची कडी वाजली. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. अंगणात धुकंच होतं.

पुढच्या धुक्यात आवाज पुन्हा आले. तेव्हा पंतांनी देवासमोर शब्द दिला, या गावात धाकटं-मोठं कधी वेगळं बसणार नाही. साथ द्यायला कुणीतरी शिकलेलं हवं, आणि त्याच्या मागे शिकणारंही.

आजही कुसरवाडीच्या शाळेत लहान मुलांची खोली एकच आहे. मूल तिथे तीन वर्षं बसतं. पाढ्याचा दुसरा निम्मा बाई शिकवत नाहीत. तो मोठ्या मुलांकडूनच येतो. धुकं असलं की घरी जाण्याआधी मोठ्यांपैकी एकजण दरीकडे तोंड करून तो म्हणतो. आम्ही गेलो त्या दिवशी एका मुलीनं म्हटला. कुणासाठी, असं मी विचारलं.

"मागच्यांसाठी," ती म्हणाली आणि एका चिमुरडीचं बोट धरून चालू लागली.

त्या कड्यावरून प्रतिध्वनी येतो तरी का, ही शंका मला पुढे कित्येक वर्षं छळत राहिली. अखेर एका लख्ख उन्हाच्या दिवशी मी एकटाच काठाशी जाऊन उभा राहिलो आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं बे पंचे दहापर्यंत म्हटलं. कड्यानं ते जसंच्या तसं परत दिलं. मी बराच वेळ थांबलो. पुढचं त्यानं काही म्हटलं नाही.