तान्हूबाईने दाखवलेली वेल

मोरसोंडेच्या डोंगरउतारावर श्रावणात जी लाल फुलं पेटतात, ती कळलावीची. पाकळ्या आगीच्या जिभांसारख्या वर वळलेल्या. उमलताना पिवळसर, सुकताना पूर्ण लाल. पावसाळा सरला की वेल मरते, पण विषारी कंद जमिनीत जगतो. फुलं नसली तर पान बघायचं: त्याचं टोक तारेसारखं वळून शेजारच्या काडीला विळखा घालतं. वाडीतली प्रत्येक मुलगी हे ओळखते. का, ते सोनबा आजा पाहुण्यांना इथेच उभं करून सांगतो.

पूर्वी म्हणे वाडीत तान्हूबाई होती. रानातले कंद तिच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. तिची सून राही देशावरची, रानाला नवखी. पाळणा हलेना, आणि मुलगा सुभान दुसरी बायको करायला तयार होईना. राही जिवंत असेतो तो करणार नाही, हे तान्हूबाईने जाणलं.

दाणे संपले होते. फुलं यायची होती. तान्हूबाईने लुगड्याच्या चिंध्या बांधून सुनेला वेली दाखवल्या.

"हा करांदा, खायचा कंद. खणून उकड. मी देवाला जाऊन येते."

"हे टोक वळलेलं, हाच ना आत्याबाई?"

"हाच! तुमच्या देशावर काय धोंडे खातात?"

संध्याकाळी ती परतली. राही चुलीपाशी बसलेली.

"जेवलीस?"

"तुमच्याआधी कशी जेवेन? ह्यांना वाढलं. तेव्हापासून ओकतायत."

सुनेला रोज शेवटी जेवायला लावणारी बाई नेमकं तेच विसरली होती.

सुभान पहाटे गेला. पंच बसले. "मी करांदा दाखवला, हिनं भलतंच खणलं," तान्हूबाई म्हणाली. जाणत्या बाईचं सगळ्यांनी ऐकलं. राहीला या उतारावर आणून, हातपाय धरून, उरलेला कंद भरवला. "आत्याबाई, आता तरी सांगा," असं ती अखेरपर्यंत म्हणत होती म्हणे.

राहीचा प्राण गेला आणि सोंडेवरची प्रत्येक कळी एकदम उमलली, असं सांगतात. न खणलेल्या एका वेलीवर, फुलांच्या खाली, तान्हूबाईच्या लुगड्याची चिंधी होती. सगळ्यांनी पाहिली. तान्हूबाईला कोणी हात लावला नाही. ती म्हातारी होऊन मेली. पंचांनी नियम केला तो फक्त सासवांना. ज्यांनी हातपाय धरले, त्यांना एकही नाही.

त्या नियमाने आजही नव्या सुनेच्या पहिल्या श्रावणात करांदे उकडतात, आणि पहिला घास सासू खाते. सून समोर बसून तिच्या गळ्याकडे बघत राहते. घास खाली उतरल्याशिवाय ती आपल्या ताटाला हात लावत नाही.