शनी मंदावतो तेव्हा

"अन् यात शनी कुठं आहे?"

यमुनाबाईंनी मांडीवरच्या सुपात तुरीच्या शेंगा सोलता सोलता विचारलं. भिंतीला टेकवून ठेवलेला फोटो त्यांनी मान तिरकी करून पाहिला.

गुणवंत हसला. बाहेरच्या जगात तो डॉक्टर ढोबळे, नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ. या महानुभाव आश्रमात मात्र नुसता गुणवंता. याच ओसरीवर या म्हाताऱ्या संन्यासिनी यमुनाबाईंनी त्याच्याकडून बाराखडी गिरवून घेतली होती.

"तो मधला काळा गोळा, बाई. तोच शनी."

"असं होय! आमच्या पंथात त्याला कुणी तेल घालत नाही, म्हणून ओळख पटली नाही."

बाईंनी पुन्हा निरखून पाहिलं.

"तो एवढा काळा, अन् भोवतीची कडी अशी लखलखीत?"

हा प्रश्न गुणवंताच्या आवडीचा होता. तो सरसावून बसला.

"याला अवरक्त प्रकाश म्हणतात. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, अंतराळात सोडलेल्या दुर्बिणीला दिसतो. त्यातला असा एक पट्टा निवडायचा, की शनीवरचा वायूच तो शोषून घेतो. ग्रह मंदावतो. मग कडी उजळतात."

"आधी नव्हती का ती?"

"होतीच की. पण ग्रहाच्या झगमगाटापुढं बारीक कडी, छोटे चंद्र कुठले दिसायला?"

"हं..."

बाई शेंगा सोलत राहिल्या. फोटो हे निमित्त होतं. तो आला होता वेगळ्याच गोष्टीसाठी.

"बाई, माझ्या हाताखाली मुलं टिकत नाहीत. पाच वर्षांत चार गेली. शेवटची राहिली होती अन्विता. काल तिनंही दुसरीकडे जायचं पत्र दिलं. आज संध्याकाळी मी त्यावर सही केली की संपलं. माझ्यामागं हे काम पुढं नेणारं कुणी उरणार नाही."

"पोर चांगली आहे?"

"लाखात एक. या फोटोतला सगळा केरकचरा तिनंच निवडून काढला. आणि मी तिला काय कमी केलं, सांगा? परिषदेत भाषण मी करतो. लोकांच्या प्रश्नांना उत्तरं मी देतो. तिला तोंड उघडायचीसुद्धा तोशीस पडू दिली नाही!"

"बरं. ती काय म्हणते?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल."

गुणवंतानं आठवून पाहिलं. तीन वर्षं ती रोज समोर बसत होती. तिचं बारीक अक्षर आठवलं. जेवणाचा निळा डबा आठवला. पण तिचं एक वाक्य...

एकही वाक्य आठवेना.

त्याचे कान तापले. त्यानं घाईघाईनं फोन काढला, नंबर लावला.

"हां, अन्विता, हे बघ, मी काय म्हणतो..."

बाईंनी शेंग सुपात टाकली आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

गुणवंत अडखळला.

"सर?" पलीकडून आवाज आला. "सर, ऐकू येतंय ना?"

त्यानं तोंड उघडलं. बाईंचं बोट तिथंच होतं.

"हो," एवढंच तो म्हणाला.

मग ती पोर बोलू लागली. आधी चाचरत. कड्यांबाहेरच्या एका पुसट रेघेबद्दल. दिवाळीपासून तिला ती रेघ त्याला दाखवायची होती म्हणे. मग बाकीचंही. ते ऐकायला सोपं नव्हतं. गुणवंताची मान खाली गेली.

शेवटी त्यानं फोनवर तळहात दाबला आणि कुजबुजला,

"बाई, थांबतच नाही ती. मनात फार साचलंय तिच्या. जायचं नक्की आहे म्हणते. आता तरी मी काही बोलू ना?"

बाईंनी त्याचा हात धरून हळूच फोनवरून बाजूला केला.

"पोर आत्ता कुठं दिसायला लागलीय रे... झगमगू नकोस."