सरदाराच्या पोटातली आंबटकरीण

फार पूर्वी एका सरदाराच्या मोठ्या आतड्यात एक गाव वसलं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचं गाव. तिथे एक आंबटकरीण राहायची. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ.

सरदार ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, सालासकट काकडी खायचा. त्यातला कोंडा आणि साली वरच्या पोटाला पचत नसत, त्या खाली गावात येत. आंबटकरांची घरं त्या आंबवून आम्ल करायची. आंबवलेल्या कोंड्यावर गाव जगायचं, आम्लावर आतड्याची भिंत. भिंतीला आम्लाची वाटी पोचल्याशिवाय गावात कोणी जेवत नसे.

पुढे सरदाराला मोठेपणा चढला. "भाकरी गड्यांनी खावी," असं म्हणून तो मैद्याच्या पुऱ्या, जिलब्या आणि बासुंदीवर आडवा हात मारू लागला. ते सगळं वरच्या वर जिरायचं. खाली कोंड्याचा कणही येईना.

"बाई, आज वाटी नाही का?" भिंतीने विचारलं.

"कुठून आणू?" आंबटकरीण करवादली. "वर बसलाय त्या खादाडाला विचार."

गाव उपाशी पडलं. आंबटकरांची घरं एकेक करून ओस पडली, ही एकटी उरली. तेव्हा गावचा कारभारी म्हणाला, "भिंतीवर बुळबुळीत लेप आहे, तो खरवडून खाऊ. चार दिवस तरी निघतील."

आंबटकरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जिच्या आडोशाला राहता तिचंच अंग खरवडता? लाज नाही वाटत?"

"लाजेने पोट भरतं का, बाई? तूही ये."

ती गेली नाही. उपाशीपोटी ती भिंतीला पाठ लावून बसली आणि येईल त्याला शिव्या घालत राहिली. एकटी किती भिंत राखणार? बाकीच्यांनी लेप फस्त केला. भिंत उघडी पडली, सोलवटली, तिच्यातून रक्त येऊ लागलं.

वर सरदार कळ येऊन गडाबडा लोळू लागला. वैद्य आले. पोट दाबून म्हणाले, "सरकार, भाकरी सुरू करा. तुमच्या आतड्यात राबणारे जीव उपाशी मरताहेत."

"दिवाळीचा फराळ होऊ द्या," सरदार म्हणाला, "मग बघू."

ते ऐकून आंबटकरीण ताडकन उठली. "मेल्या, तुझ्याच भिंतीसाठी मी मरते आहे आणि तुला फराळ सुचतो?" ओरडून ओरडून तिचा घसा बसला. वर काही ऐकू गेलं नाही. फराळाच्या तिसऱ्या दिवशी ती भिंतीपाशीच मेली.

दिवाळी सरली, कळा सोसेनात, तेव्हा कुठे सरदार घाबरला आणि भाकऱ्यांवर भाकऱ्या खाऊ लागला. खाली कोंड्याचा ढीग लागला. कारभारी त्याच्याकडे नुसता बघत राहिला. आंबवायचं कसं, हे शिकून घ्यावं असं त्या निलाजऱ्याला कधी वाटलंच नव्हतं. कोंडा आला तसा बाहेर गेला, भिंत उपाशीच राहिली आणि सरदाराची कळ जन्मात थांबली नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनोही, तात्पर्य एवढंच: जे आपल्याला आतून जगवतात त्यांची भूक उद्यावर ढकलू नये. ते मेल्यावर वाढलेलं ताट कोण जेवणार?